एनआयसीयूतला क्लेब्सिएला: जीनोम वाचून साथीचा माग लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात, एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, सात आठवड्यांत चार बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये (रक्तातला जीवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत) क्लेब्सिएला न्यूमोनिए हा जीवाणू आला. चौघांचाही अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक चालतं याचा तक्ता, जवळजवळ सारखा, मेरोपेनेमसारखं जबर औषधही चालत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं आहे की या चार जीवाणूंचे पूर्ण जीनोम (डीएनएतली सगळी अक्षरं) वाचून घेतले तर ही एकच साथ आहे का ते कळेल का, कोणाकडून कोणाकडे गेली ते कळेल का, आणि किती अक्षरांपर्यंत फरक असला तर ‘तोच जीवाणू’ म्हणायचं. शिवाय वरून विचारणा होते आहे तसं ‘नेमकं कोणामुळे झालं’ हे सांगता येईल का?

डॉक्टर, पहिल्याचं उत्तर हो, आणि ते बऱ्यापैकी खात्रीने मिळेल. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. तिसऱ्यासाठी सगळीकडे चालणारा एक आकडा नाही. चौथ्याबद्दल सगळ्यात शेवटी लिहिते, कारण त्याआधी बाकीचं स्पष्ट व्हायला हवं. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. जीनोम नातं जोडतो त्यापेक्षा नातं तोडायला जास्त भरवशाचा आहे. ‘हे तिथून आलेलं नाही’ हे तो ठामपणे सांगतो. ‘हे इथूनच आलं’ म्हणायला त्याच्या सोबत केस पेपर, तारखा आणि वॉर्मरच्या (बाळांना ऊब देणाऱ्या खाटांच्या) जागांचा नकाशा लागतो.

अँटिबायोग्राम सारखा आहे यावर फार भिस्त ठेवू नका. कार्बापेनेमला (मेरोपेनेम याच गटातलं) न जुमानणारे क्लेब्सिएला आपल्या देशात ठरावीक थोड्या वंशांतून येतात. एसटी २३१, एसटी १४७, एसटी १४, एसटी २०९६ ही वंशांची नावं (एसटी म्हणजे सीक्वेन्स टाइप) भारतीय अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतात. त्यामुळे दोन वेगळ्या शहरांतल्या, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन रुग्णांचा अँटिबायोग्रामही सारखा येऊ शकतो आणि एसटीही. एसटी ठरते फक्त सात जनुकांवरून. चारही बाळांत एसटी २३१ आला म्हणून साथ सिद्ध झाली असं लिहिलेले अहवाल मी वाचले आहेत. तसं म्हणता येत नाही. उलट बाजू मात्र पक्की आहे. एका बाळात एसटी २३१ आणि दुसऱ्यात एसटी १४७ निघाला तर त्या दोघांमध्ये तो जीवाणू गेलेला नाही, तिथे चर्चा संपली.

पूर्ण जीनोम म्हणजे क्लेब्सिएलाची सुमारे पंचावन्न लाख अक्षरं. जुन्या पोथ्यांच्या नकला करताना एखाद्याच्या हातून चूक व्हायची आणि त्याच्या प्रतीवरून पुढे झालेल्या सगळ्या नकलांत ती उतरायची. अभ्यासक त्या सामाईक चुकांवरून कोणती पोथी कोणत्या घराण्यातली ते ठरवतात. आपण तेच करतो. एका अक्षराचा बदल, म्हणजे स्निप, ज्या ज्या जीवाणूंत सारखा सापडतो ते एका शाखेचे, आणि अशा बदलांवरून वंशवृक्ष उभा राहतो.

आता दुसऱ्या प्रश्नाची अडचण इथेच दिसेल. क्लेब्सिएलात अख्ख्या जीनोममध्ये वर्षाला साधारण पाच ते दहा स्निप साठतात. सात आठवड्यांचा हिशेब केला तर एका शाखेत जेमतेम एक, दोन्ही शाखांचे मिळून दोन-तीन. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या जीवाणूत एकाही अक्षराचा फरक नसणं पूर्ण शक्य आहे. फरकच नसेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडून पहिल्याकडे, की दोघांनाही एकाच बेसिनमधून मिळाला, हे त्या अक्षरांत लिहिलेलंच नसतं. संसर्ग कक्षात दिवसांच्या वेगाने फिरतो आणि जीनोम महिन्यांच्या वेगाने बदलतो. कितीही महागडं मशीन आणलं तरी ही तफावत भरून निघत नाही.

तरीही जीनोमने एका रुग्णालयाला काय दाखवलं ते बघा. अमेरिकेत बेथेस्डाला एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचं क्लिनिकल सेंटर हे रुग्णालय आहे. २०११ च्या जूनमध्ये तिथे न्यूयॉर्कच्या रुग्णालयातून एक महिला रुग्ण आली, अंगात कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला. ते आधीच माहीत होतं, तिला वेगळं ठेवलं, सगळी काळजी घेतली. १५ जुलैला ती घरी गेली. तोवर दुसऱ्या कुणातही तो जीवाणू सापडला नव्हता. ५ ऑगस्टला दुसरा रुग्ण सापडला आणि मग आठवड्याला साधारण एक असे येत राहिले. एकूण १८ रुग्ण, त्यांतले ११ दगावले, सहा मृत्यू थेट या संसर्गामुळे. तीन आठवड्यांचं अंतर बघून कुणालाही वाटेल की दुसरा जीवाणू बाहेरून नव्याने आला. जीनोमने ही शंका दूर केली. सगळी साथ त्या पहिल्या रुग्णापासूनच सुरू झाली होती, आणि एकदा नव्हे, तर तिच्यापासून तीन स्वतंत्र वाटांनी.

तीन वाटा कशा कळल्या, हे तुमच्या कामाचं आहे. त्या रुग्णाच्या शरीरातल्या वेगवेगळ्या जागांवरून घेतलेले नमुने जपून ठेवलेले होते, आणि त्यांच्यात आपापसांतच थोडे फरक होते. एका जागेवरच्या जीवाणूशी एका गटातले रुग्ण जुळले, दुसऱ्या जागेवरच्याशी दुसऱ्या गटातले. एकच कॉलनी उचलून वाचली असती तर हे दिसलंच नसतं. ज्या तीन आठवड्यांत ‘कुणीच बाधित नव्हतं’, त्या काळात जीवाणू काही रुग्णांच्या आतड्यांत गुपचूप बसला होता, आजार न करता. म्हणून फक्त ब्लड कल्चरचे चार नमुने वाचून साखळी पूर्ण होत नाही. आजारी न पडलेल्या बाळांचे रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून घेतलेले नमुने) हवेत. तिथे एका व्हेंटिलेटरवर आणि बेसिनच्या ड्रेनमध्येही तो जीवाणू सापडला होता. तुमच्याकडे बेसिन, सक्शनची बाटली, दूध पाजण्याचं साहित्य, वॉर्मरच्या कडा, अनेक बाळांसाठी वापरली जाणारी सलाइनची बाटली, या सगळ्यांचे नमुने घ्या.

नवजात बाळांच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. प्रौढ रुग्णाच्या आतड्यात तोच जीवाणू दोन-दोन वर्षं राहून त्याच्या अनेक उपशाखा झालेल्या असू शकतात, मग फरकांचा अर्थ लावणं कठीण जातं. दहा दिवसांच्या बाळात तेवढा वेळच मिळालेला नसतो. तिथे चाळीस-पन्नास स्निपांचा फरक दिसला तर ती दोन वेगळी आगमनं आहेत असं मी बेधडक म्हणते. पण त्याच कारणाने आईचा नमुना घ्यायला विसरू नका. बाळाच्या आतड्यात पहिले जीवाणू बहुधा आईकडून येतात, आणि आई त्याच रुग्णालयाच्या प्रसूती कक्षातून आलेली असते.

किती फरक म्हणजे ‘तोच’? युरोपातल्या अनेक देशांतल्या रुग्णालयांच्या २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात क्लेब्सिएलाच्या एका वंशासाठी एकाच रुग्णालयातला प्रसार ओळखायला २१ स्निपांची मर्यादा उपयोगी ठरली. हा आकडा तुमच्या अहवालात तसाच उचलून टाकू नका. तो दुसऱ्या वंशाचा, दुसऱ्या खंडातला आणि त्यांच्या विश्लेषणाच्या पद्धतीने मोजलेला आहे. संदर्भासाठी कोणता जीनोम घेतला, पुनरावृत्तीचे भाग वगळले का, जीवाणूंनी आपापसांत अदलाबदल केलेले तुकडे गबिन्ससारखं साधन वापरून बाजूला काढले का, यावर तोच फरक कधी सहा मोजला जातो, कधी साठ. त्यापेक्षा तुमच्याच रुग्णालयातले, याच काळातले, पण या साथीशी संबंध नसलेले त्याच वंशाचे चार-सहा जीवाणू सोबत वाचा. औषध विभागातल्या प्रौढांचे, गेल्या वर्षीचे, शेजारच्या तालुक्यातून आलेल्या रुग्णांचे. त्यांच्यात आपापसांत ऐंशी-शंभर फरक आणि तुमच्या चार बाळांत शून्य ते दोन, असं चित्र आलं तर निष्कर्ष आपोआप समोर येतो, मर्यादेचा आकडा शोधावा लागत नाही. त्या प्रौढांतही पाच-सहाच फरक निघाले तर मात्र प्रश्न एनआयसीयूचा राहत नाही, सगळ्या इमारतीचा होतो.

तुलनेला काय घेतलं यावर उत्तर किती अवलंबून असतं, याचं हैतीइतकं मोठं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. २०१० च्या जानेवारीत तिथे भूकंप झाला आणि ऑक्टोबरमध्ये कॉलरा आला. तिथे त्याआधी शंभर वर्षांत कॉलराची नोंद नव्हती. काहींचं म्हणणं होतं की किनाऱ्यावरच्या उबदार पाण्यात आधीपासून असलेला व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याचा जीवाणू, उसळला. काहींचा रोख मिर्बालेजवळच्या, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या छावणीकडे होता, जिथून मैला नदीत जात होता. फ्रेंच साथरोगतज्ज्ञ रनो पियारू यांनी गावोगावच्या रुग्णांच्या तारखा लावून साथ त्या नदीकाठापासून सुरू झाल्याचं दाखवलं. त्याच हिवाळ्यात पहिला जीनोम अभ्यास आला. त्यात हैतीचे दोन जीवाणू, १९९१ च्या लॅटिन अमेरिकेतल्या साथीचा एक आणि दक्षिण आशियातले २००२ आणि २००८ चे दोन होते. निष्कर्ष निघाला की हैतीचा जीवाणू दक्षिण आशियातल्यासारखा आहे, लॅटिन अमेरिकेतल्यासारखा नाही. किनाऱ्याच्या पाण्याची शक्यता त्याने मोडून काढली. पण नेपाळचं नाव त्यात येणं शक्यच नव्हतं, कारण वंशवृक्षात नेपाळचा एकही जीवाणू नव्हता.

२०११ मध्ये नेपाळमधले २४ नमुने वाचले गेले आणि त्यांतले काही हैतीच्या जीवाणूपासून अवघ्या एक-दोन अक्षरांनी वेगळे निघाले. तारखा, नदी, छावणी आणि अक्षरं, चारही एका दिशेला आली तेव्हा शंकेला जागा उरली नाही. त्या साथीत आठ लाखांवर माणसं आजारी पडली, सुमारे दहा हजार गेली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हैतीच्या लोकांची माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. वंशवृक्षाला फक्त त्यात घातलेले जीवाणू माहीत असतात. ‘सगळ्यात जवळचा नातेवाईक’ म्हणजे ‘आपल्याकडे आलेल्यांपैकी सगळ्यात जवळचा’. तुमच्या चार बाळांच्या बाबतीतही हेच. ज्या खासगी नर्सिंग होममधून बाळं रेफर होऊन येतात तिथला एकही नमुना नसेल, तर सुरुवात तुमच्याकडे झाली की तिकडून आली हे वृक्ष बघून ठरवू नका.

२०११ मध्येच जर्मनीत याची दुसरी बाजू दिसली. ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसं गेली. सुरुवातीला स्पेनच्या काकड्यांवर ठपका आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. जीवाणूचा जीनोम काही दिवसांत वाचून झाला होता, हा प्रकार इतका घातक का हेही त्यातून कळलं. पण दोषी पदार्थ सापडला तो उपाहारगृहात कोणी कोणती डिश मागवली होती याची चौकशी केल्यावर. ते होते मोड आलेले मेथीदाणे, आणि बियाणं इजिप्तमधून आलेलं. तुमचा इन्फेक्शन कंट्रोलचा चौकशीचा कागद जीनोमच्या आधी भरलेला असला पाहिजे, नंतर नव्हे. निकाल हातात आल्यावर भरलेल्या कागदात माणसं नकळत निकालाला जुळेल तेच लिहितात.

अजून एक गुंता आहे. मेरोपेनेम निकामी करणारं एनडीएम जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, असतं, आणि प्लाझ्मिड एका जीवाणूतून दुसऱ्यात जातं. समजा तुमच्या चारपैकी तिघांचे जीवाणू जुळले आणि चौथा वेगळ्या वंशाचा निघाला. वर मी म्हटलं की तिथे चर्चा संपली. जीवाणूपुरती ती संपते, पण जनुकाची संपत नाही. तेच प्लाझ्मिड दुसऱ्या क्लेब्सिएलात किंवा ई. कोलायमध्ये शिरून त्याच कक्षात फिरत असू शकतं. सिंधमधल्या हैदराबादला २०१६ च्या अखेरीस सुरू झालेली टायफॉइडची साथ अशीच घडली. दक्षिण आशियात आधीपासून पसरलेल्या एच ५८ वंशाच्या साल्मोनेला टायफीने (टायफॉइडच्या जीवाणूने) एक प्लाझ्मिड उचललं आणि टायफॉइडवरचं औषध सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन गेलं. तोंडावाटे देण्यासारखं एकटं अझिथ्रोमायसिन उरलं. पाकिस्तानने २०१९ मध्ये टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सिंधपासूनच राष्ट्रीय कार्यक्रमात आणली. आपल्या नवी मुंबई महापालिकेने त्याच्या आदल्या वर्षीच ती सार्वजनिक मोहिमेत दिली होती, आणि जगात सरकारी पातळीवर ती पहिल्यांदा इथे वापरली गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मुंबईतही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणारे टायफी सापडले, पण जीनोम वाचल्यावर कळलं की त्यांचं प्लाझ्मिड आणि जनुक सिंधपेक्षा वेगळं आहे. हे कळलं नसतं तर ‘सीमेपलीकडून आलं’ अशी बातमी सहज झाली असती.

प्लाझ्मिडचा माग काढायचा असेल तर इल्युमिनाचं मशीन वाचतं ते डीएनएचे छोटे तुकडे पुरत नाहीत. पुनरावृत्तीच्या जागी जोडणी तुटते आणि जनुक नेमकं कोणत्या प्लाझ्मिडवर आहे ते कळत नाही. तिथे नॅनोपोर या दुसऱ्या मशीनचं लांब वाचन लागतं. तुम्ही विचारलं आहे की फक्त नॅनोपोरवर भागेल का. आताच्या फ्लो सेलवर (डीएनए वाचणारी चकती) आणि नव्या बेसकॉलरवर (संकेतांची अक्षरं करणारं सॉफ्टवेअर) बऱ्याच अंशी भागतं, पण जीवाणूच्या डीएनएवर जिथे मिथाइल गट लागलेले असतात तिथे मशीन अजूनही चुकीचं अक्षर वाचू शकतं, आणि क्लेब्सिएलात हे दिसलेलं आहे. शून्य की चार, असा प्रश्न असताना त्या चार चुका खऱ्या फरकांसारख्या दिसतात. दोन जीवाणू तरी दोन्ही पद्धतींनी वाचून पडताळा घ्या. एकाच वृक्षात काही नमुने इल्युमिनाचे आणि काही नॅनोपोरचे, अशी सरमिसळ मात्र पडताळ्याशिवाय करू नका.

क्षयरोगाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलं आहे म्हणून तेवढंच. तिथलं घड्याळ आणखी मंद, वर्षाला अर्धा स्निप. इंग्लंडमधल्या २०१३ च्या कामातून आलेला ‘पाचपर्यंत अलीकडचा संसर्ग, बाराच्या वर बहुधा नाही’ हा ठोकताळा सगळे वापरतात, पण पाच स्निप म्हणजे कित्येक वर्षंही असू शकतात. मुंबई परिसरातल्या एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना न जुमानणाऱ्या, क्षयाच्या अभ्यासाने मात्र फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांना न जुमानणारे दुसऱ्या वंशशाखेचे, म्हणजे लीनिएज २ चे, थोडे क्लोन (एकाच जीवाणूची संतती) तिथे वरचढ आहेत आणि ते माणसामाणसांत पसरत आहेत. प्रतिकार फक्त अर्धवट औषधं घेतल्याने येतो असं रुग्णालाच दोष देऊन म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे, तिला हा पुरावा छेद देतो. कित्येकांना तो जीवाणू प्रतिकारासकटच मिळतो.

आता चौथा प्रश्न. ‘नेमकं कोणामुळे?’

केंब्रिजच्या रोझी रुग्णालयात २०११ मध्ये स्पेशल केअर बेबी युनिटमध्ये एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जीवाणू, अंगावर असलेली १२ बाळं सापडली. नेहमीच्या पद्धतीने त्यांचा एकमेकांशी धड संबंध लागेना. जीनोमवरून तो लागला, शिवाय बाहेर समाजात गेलेल्या आणि मातांना झालेल्या संसर्गाचे धागेही जुळले. कक्ष कसून साफ केला आणि शेवटचा बाधित रुग्ण जाऊन ६४ दिवसांनी पुन्हा एक बाळ बाधित निघालं. तेव्हा १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि एका व्यक्तीकडे तोच जीवाणू सापडला. त्या व्यक्तीवर उपचार झाले, जीवाणू काढून टाकला गेला. शोधनिबंधात ती व्यक्ती फक्त ‘एक कर्मचारी’ आहे. हे असंच असायला हवं.

कर्मचाऱ्याकडे जीवाणू सापडला म्हणजे त्याच्यामुळे झालं, असं नाही. बाळांची सेवा करताना तो त्यांच्याकडून घेतलेलाही असू शकतो, आणि वर सांगितलं तसं दिशा ठरवण्याइतकं जीनोम बहुतेक वेळा बोलत नाही. एका सिस्टरकडे रात्रपाळीला दहा-बारा बाळं, बेसिन कक्षाच्या दुसऱ्या टोकाला, हँडरब संपलेला, मावशी एकच, अशा ठिकाणी ‘दोषी हात’ शोधणं अन्यायाचं आहे आणि निरुपयोगीही. एकदा का नाव बाहेर आलं की पुढच्या साथीच्या वेळी कुणी स्वतःहून स्वॅब देणार नाही, आणि तेव्हा खरंच बाळं जातील. म्हणून नमुने देण्याआधीच लिहून घ्या की कर्मचाऱ्यांचे नमुने सांकेतिक क्रमांकाने जातील, किल्ली एकाच व्यक्तीकडे राहील, आणि निकालाचा उपयोग शिस्तभंगासाठी होणार नाही. व्यवस्थापन यावर सही करायला तयार नसेल तर कर्मचाऱ्यांचे नमुने घेऊ नका. बाळांचे, आयांचे आणि कक्षाचे घ्या, त्यातूनही पुष्कळ कळतं. अहवालात ‘पहिल्या बाळाकडून दुसऱ्याला’ असा बाण काढू नका. ‘हे तीन जीवाणू अलीकडच्या एका सामाईक पूर्वजापासून आले आहेत, आणि कक्षात एकाच वेळी असल्याच्या नोंदींशी हे जुळतं’ असं लिहा.

सुरुवात आज फ्रीजरपासून करा. चारही जीवाणू जिवंत आहेत का ते बघा, ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर दोन-दोन कुप्या ठेवा. ती सोय नसेल तर न्यूट्रिएंट अगारच्या स्टॅबमध्ये. उगाच पुन्हा पुन्हा सबकल्चर करू नका, प्लाझ्मिड गळून जातं. मूळ प्लेट अजून असेल तर प्रत्येक बाळाच्या तीन-चार कॉलनी वेगवेगळ्या जपा. निकाल आल्यावर आधी वाचनाची खोली, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचलं गेलं ते बघा, किमान चाळीस-पन्नास पट. जोडलेला जीनोम एकसष्ट-बासष्ट लाखांच्या वर गेला असेल तर नमुन्यात दुसरा जीवाणू मिसळला आहे असं समजा आणि पुन्हा वाचायला द्या. एसटी आणि प्रतिकाराची जनुकं क्लेबोरेट सांगेल, फरक मोजायला स्निप्पी, आणि तारखा, वॉर्मरची जागा आणि वृक्ष एकाच पडद्यावर बघायला मायक्रोरिअ‍ॅक्ट. ही सगळी साधनं मोफत आहेत. आणि जीनोमच्या निकालाला दोन-तीन आठवडे लागणार असतील तर तोवर थांबू नका: बाधित बाळांसाठी वेगळी सिस्टर, वेगळी सक्शन ट्यूब, अनेकांसाठी वापरायची सलाइनची बाटली बंद, आणि बेसिनच्या ड्रेनची दुरुस्ती, हे सगळं आजच सुरू करा.